‘नाइट मारण्या’चा हिशेब

गेल्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाच्या गणिताचे पेपर तपासताना असे आढळले, की एका विद्यार्थ्याने पहिल्याच ओळीत प्रश्नातले उणे चिन्ह अधिक म्हणून उतरवून घेतले होते आणि त्या चुकीच्या समीकरणाची उकल पुढची दोन पाने अत्यंत शिस्तीने, एकही पायरी न गाळता केली होती. ही चूक माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होतो, तेव्हा याच विषयाच्या पेपरआधी सलग तीन रात्री जागलो होतो. खोलीत चौघे आणि ट्यूबलाइट एकच. कोणाचा ना कोणाचा पेपर दुसऱ्या दिवशी असल्यामुळे पीएल (परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी) संपेपर्यंत ती पहाटेपूर्वी कधी विझलीच नाही. पहाटे चार वाजता मला लाप्लास रूपांतराचा तक्ता डोळे मिटून म्हणता येत होता. त्याच सकाळी हॉलमध्ये मी पाचाचा आकडा तीन असा वाचला. विषय सहा गुणांनी राहिला. याला आम्ही ‘नाइट मारणे’ म्हणत असू, आणि जो अधिक नाइट मारी त्याला खोलीत मान असे.

त्या वेळी मी सगळा दोष आदल्या रात्रीला दिला. तो हिशेब अपुरा होता, हे पुष्कळ उशिरा कळले. एमआयटीमध्ये (कोथरूडच्या नव्हे, अमेरिकेतल्या) रसायनशास्त्राच्या एका प्राथमिक अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांच्या मनगटावर सत्रभर झोपेची नोंद ठेवणारे पट्टे बांधण्यात आले होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील ८८ जणांच्या नोंदींनुसार गुणांमधील तफावतीचा जवळजवळ चौथा हिस्सा झोपेचा कालावधी, तिचा दर्जा आणि नियमितपणा यांच्याशी निगडित होता. मात्र परीक्षेच्या केवळ आदल्या रात्रीची झोप आणि गुण यांचा काहीही संबंध दिसला नाही. संबंध होता तो आधीच्या आठवड्यातील आणि महिन्यातील झोपेशी. अर्थात, संबंध म्हणजे कारण नव्हे. ज्याला विषय जड जातो तोच रात्री जागत बसतो, असेही असू शकते.

मला अधिक अस्वस्थ केले ते २०१७ सालच्या हार्वर्डमधील अभ्यासाने. तेथे ६१ विद्यार्थ्यांनी ३० दिवस झोपेची रोजनिशी ठेवली. नियमित आणि अनियमित झोपणाऱ्यांची सरासरी झोप सारखीच निघाली, तरीही अनियमित झोपणाऱ्यांचे गुण कमी होते आणि त्यांच्या शरीरात मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची खूण देणारे संप्रेरक, स्रवण्याची वेळ दोन तासांहून अधिक पुढे सरकली होती. म्हणजे सोमवार ते शुक्रवार पहाटे तीनला झोपून रविवारी दुपारी दोनपर्यंत ताणून देण्याने तासांची बेरीज जुळते, पण शरीराचे घड्याळ जुळत नाही. रात्री एक वाजता थर्मासमधला जो चहा आपण जागण्यासाठी पितो, त्यातले निम्मे कॅफीन पहाटे सहाच्या सुमारासही रक्तात फिरत असते, ही गोष्ट वेगळीच.

मात्र सारा दोष मुलांवर ढकलणे मला पटत नाही. असाइनमेंट जमा करण्याची मुदत रात्री ११ वाजून ५९ मिनिटे अशी आम्ही शिक्षकच ठेवतो आणि सकाळी पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलांवर आम्हीच ओरडतो. या सत्रापासून मी ती मुदत संध्याकाळी पाचची केली. एका विद्यार्थ्याने मनापासून विचारले, “सर, मग रात्रीचा वेळ वाया नाही का जाणार?” पहिल्या आठवड्यात चौदा जणांच्या फाइली उशिरा आल्या, त्यांतल्या बहुतेक रात्री अकरा ते बाराच्या दरम्यान.