माझा अनुभव: ऐन रतांब्यांच्या (कोकमाच्या फळांच्या) सीझनमध्ये लायसन सस्पेंड झालं तेव्हा

ज्यांचं आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस), कोकम सरबत, मसाला, पापड असं काही घरगुती काम आहे आणि एफएसएसएआयचं (खाद्यपदार्थांच्या धंद्याला लागणारं सरकारी) लायसन काढलंय त्यांनी आज रात्रीच लॉगिन करून बघा की लायसनवर ईमेल आणि मोबाईल नंबर कोणाचा आहे. आमच्या लायसनवर आमचा नव्हताच. ज्या सायबरवाल्याने फॉर्म भरून दिला त्याने ओटीपी पटकन मिळावा म्हणून स्वतःचा टाकलेला, आणि हे मला कळलं लायसन सस्पेंड झाल्यावर.

आमची कोकमाची जुनी झाडं आहेत, नंतर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली कोकण अमृता जातीची कलमं पण लावली. आधी साधं रजिस्ट्रेशन होतं, वर्षाला 100 रुपये, तेव्हा वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असली की तेवढं पुरायचं. 2023 ला मुंबई-पुण्याच्या ऑर्डरी वाढल्या म्हणून 3000 फी भरून राज्याचं लायसन काढलं, त्यात काहीच त्रास झाला नाही.

2 एप्रिल 2024 ला अन्न सुरक्षा अधिकारी तपासणीला आल्या. मॅडम नीट बोलल्या, ड्रम, जाळ्या, टोप्या, कामाच्या बायकांचे मेडिकल सगळं बघितलं, खटकलं ते पाणी. आगळात आम्ही पाण्याचा थेंब घालत नाही, पण रतांबे धुवायला आणि बाटल्या धुवायला विहिरीचंच पाणी, आणि त्याचा रिपोर्ट दीड वर्ष जुना. म्हणून सुधारणा नोटीस मिळाली, अन्न सुरक्षा कायद्याचं कलम 32. यात 14 दिवसांपेक्षा कमी मुदत देता येत नाही, आम्हाला 15 दिवस दिले, म्हणजे 17 एप्रिलपर्यंत.

एप्रिलमध्ये आमची विहीर तळाला गेलेली असते. पहिल्या नमुन्यात कोलिफॉर्म जंतू निघाले. पाणी खराब होतं, नोटीस बरोबर होती, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट आमचं सरबत लहान मुलं पितात म्हणून मला दोन रात्री झोप लागली नाही. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला बोलावून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून घेतली, ओटी टेस्ट (पाण्यातलं क्लोरीन बघायची) करून घेतली, बाटल्या धुवायला वेगळा फिल्टर बसवला. पण दुसरा नमुना लॅबने 15 तारखेच्या आधी घेतला नाही कारण त्यांचे नमुना घेण्याचे वार ठरलेले, आणि रिपोर्ट 22 ला मिळेल म्हणाले. मुदत तर 17 ला संपत होती. मी ऑफिसला फोन केला, "रिपोर्ट आला की आणून द्या, काही होत नाही ताई," असं सांगितलं, मी निर्धास्त झाले. तेव्हा साधा अर्ज लिहून लॅबची पावती जोडून मुदत वाढवून मागायला हवी होती आणि पोच घ्यायला हवी होती. फोनवर कोण काय बोललं याला नंतर काही किंमत राहत नाही.

22 ला रिपोर्ट चांगला आला. 23 ला ह्यांनी ऑफिसात नेऊन दिला, टपालाच्या खिडकीत. 30 एप्रिलला रजिस्टर पोस्टाने आदेश आला, 26 तारखेचा, परवाना निलंबित. कारण काय तर नोटिशीची पूर्तता मुदतीत नाही आणि सुनावणीला गैरहजर. सुनावणी? कसली सुनावणी? दुसऱ्या दिवशी सुट्टी, 2 तारखेला पहिली एसटी पकडून गेले. क्लार्कने कॉम्प्युटरवर दाखवलं, 20 एप्रिलला ईमेल गेलाय, 24 ला 11 वाजता हजर राहा म्हणून. ईमेल त्या सायबरवाल्याचा. त्याला विचारलं तर म्हणतो, "ताई, माझ्या मेलवर रोज पन्नास जणांचं येतं, कुठे बघू." आम्ही 23 ला दिलेला रिपोर्ट टपालातच पडून होता, फाईलला लागलाच नव्हता! नवरा आदल्या दिवशी त्याच इमारतीत उभा होता, खिडकीवर कोणी एका शब्दाने सांगितलं असतं की उद्या तुमची सुनावणी आहे, तर सगळं तिथेच मिटलं असतं. हे आठवलं की अजून हात थरथरतात.

आणि मग वाट बघणं. आदेशात लिहिलेलं की पुन्हा तपासणी होईल. मी विचारलं कधी, तर म्हणाले 14 दिवस. मी कॅलेंडरवर 10 मे ला गोल केला. आता जे सांगते ते नीट वाचा कारण हे मला कोणी सांगितलं नाही. नियमात निलंबनानंतर फेरतपासणी "वाजवी मुदतीत, पण 14 दिवसांपेक्षा कमी नाही" अशी आहे. म्हणजे 14 दिवसांच्या आधी ते येणार नाहीत एवढाच त्याचा अर्थ, 14 दिवसांत येतील असा नाही. 10 मे गेला. त्यात 7 मे ला आमच्याकडे लोकसभेचं मतदान, त्याच्या आधी आणि नंतर जेव्हा जावं तेव्हा साहेब इलेक्शन ड्युटीवर. 13 ला गेले, 16 ला गेले, 20 ला गेले. प्रत्येक वेळी जाऊन-येऊन चार तास आणि उत्तर एकच, लिस्टमध्ये नाव आहे.

इकडे झाडाखाली रतांब्यांचा सडा. रतांबा पिकला की दोन-तीन दिवसांत फोडून मीठ लावावंच लागतं, नाहीतर बुरशी, आणि एकदा वळवाचा पाऊस लागला की सोलं (रतांब्यांच्या साली) वाळवायचं पण संपलं. सासूबाई रोज म्हणायच्या, "रतांबे काय तुझ्या सायबांची वाट बघत झाडार रवतले?" काही जणांनी सुचवलं की गुपचूप करून ठेव, कोण बघतंय. मी नाही केलं. निलंबन म्हणजे काम बंद, ते चोरून केलं असतं तर आपलं पाणी चांगलं आहे हे कोणत्या तोंडाने सांगितलं असतं? ओले रतांबे मिळेल त्या भावाने विकले, बाकीचे कुजले. सहा बायका महिन्याहून जास्त बिनकामाच्या, त्यांच्या मुलांची जूनची फी याच पैशातून जाते.

या दिवसांत रात्री बसून मी ते नियम वाचले आणि दोन गोष्टी कळल्या, पण उशीर झाला होता. एक म्हणजे निलंबनाविरुद्ध अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील करता येतं, आदेश मिळाल्यापासून 15 दिवसांत. माझे 15 मे ला संपले आणि मी अपिलाचं वाचलं 18 ला. दुसरं, निलंबन सगळ्याच कामाचं करावं असं नाही, "सर्व किंवा काही" असं नियमात आहे. म्हणजे सुनावणीला गेले असते तर बाटल्या भरणं थांबवा पण सोलं वाळवू द्या एवढं तरी मागता आलं असतं. नोटीस हातात पडली की त्याच दिवशी हे सगळं वाचा, मराठीत नसेल तर कॉलेजच्या मुलाला बसवा, पण वाचा.

बरेच जण सस्पेंड आणि कॅन्सल एकच समजतात म्हणून सांगते. सस्पेंड झाल्यावर फेरतपासणीतही त्रुटी तशाच दिसल्या तर कारणे दाखवा नोटीस देऊन मग रद्द करतात, आणि एकदा रद्द झालं की तीन महिने नवा अर्ज करता येत नाही. भरलेली फी दोन्हीत परत मिळत नाही. लोकांच्या जिवाला धोका दिसला तर मात्र लगेच बंद करता येतं, पण त्याचं कारण लेखी नोंदवावं लागतं. आमचं रद्दपर्यंत गेलं नाही याचं मला समाधान आहे.

27 मे ला शेवटी तपासणी झाली. त्याच मॅडम, वीस मिनिटं. फिल्टर, टीसीएलचं रजिस्टर, रिपोर्ट सगळं बघितलं आणि म्हणाल्या, "हे आधीच झालं होतं की." 3 जूनला निलंबन उठल्याचा आदेश मिळाला. त्या आठवड्यात पाऊस आला, झाडावर एक रतांबा नव्हता.

लॉगिन आता माझ्या मोबाईलवर आहे आणि कागद दिला की पोचेवर शिक्का मारून घेते, समोरचा कितीही वैतागला तरी. पाण्याच्या नमुन्याचं राहिलंच, बाटली लॅबमधूनच आणायची, निर्जंतुक केलेली असते, घरातली रिकामी बाटली ते घेत नाहीत, आणि नमुना बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोचवायचा. आम्ही आता फेब्रुवारीतच देतो, म्हणजे काही निघालं तरी रतांबे पिकायच्या आत दुसऱ्यांदा तपासून होतं.