तिसऱ्या जाळ्यात आलेला क्रेफिश

रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकत असताना गोड्या पाण्यातले मासे म्हणजे रोहू, कटला आणि मृगळ, एवढेच डोक्यात होते. पुढे यॉर्कशायरमध्ये हौशी गळकऱ्यांसाठी ट्राउट सोडले जाणारे एक तळे सांभाळण्याची नोकरी आपण करू, असे कोणी म्हटले असते तर ते हसण्यावारी नेले असते. या तळ्यात मासे पैदा होत नाहीत. मत्स्यशेतीत वाढवलेले, प्रत्येकी साधारण 900 ग्रॅमचे रेनबो ट्राउट टँकरमधून येतात. निघण्याआधी त्यांना उपाशी ठेवलेले असते, म्हणजे टाकीतले पाणी विष्ठेने नासत नाही, आणि वाटभर सिलिंडरमधून प्राणवायू सोडावा लागतो.

मे महिन्यातल्या त्या गुरुवारी सकाळी सात वाजता 300 माशांची गाडी आली. पुढे सुट्टीला जोडून आलेला शनिवार-रविवार होता आणि जवळजवळ सगळ्या जागांची नोंदणी झाली होती. टाकीतले पाणी तळ्यात जाऊ नये म्हणून आम्ही नळीने मासे सोडत नाही. हातजाळ्याने दहा-बारा मासे उचलायचे, पाणी निथळू द्यायचे आणि मग सोडायचे. तिसऱ्या जाळ्यात माशांच्या तडफडीखाली काहीतरी खडखडले. खडा असेल असे वाटले, म्हणून काढायला हात घातला, तर त्याने बोट धरले.

तळहातावर जेमतेम दोन इंचांचा क्रेफिश होता, शेवंडीचे पोर शोभावे असा. त्याला उताणा केला, तेव्हा नांग्यांची खालची बाजू लालसर दिसली. वरून पाहिले तर नांगीच्या सांध्याशी फिकट निळसर-पांढरा ठिपका होता. म्हणजे हा सिग्नल क्रेफिश, मूळचा उत्तर अमेरिकेचा आणि 1970च्या दशकात खाण्यासाठी पाळायला म्हणून इंग्लंडमध्ये आणलेला.

आमच्या तळ्याचे जादा पाणी ज्या ओढ्याला मिळते, त्यात इथला मूळचा, फिकट नांग्यांचा क्रेफिश अजून टिकून आहे. सिग्नल क्रेफिश स्वतः फारसा आजारी न पडता एका बुरशीसदृश रोगाचे बीजाणू वाहून नेतो, आणि त्या रोगापुढे इथल्या क्रेफिशचा निभाव लागत नाही. काही आठवड्यांत अख्खा ओढा रिकामा होतो. हे बीजाणू नुसत्या पाण्यातून, ओल्या जाळ्यातून आणि बुटांना लागलेल्या चिखलातूनही पसरतात. दोन जाळी मासे तर आधीच तळ्यात गेले होते.

टँकरचा चालक साठीचा, या धंद्यात मुरलेला गृहस्थ होता. या भागात पुरुषांनाही ‘लव’ म्हणण्याची रीत आहे, तिची मला अजून सवय झालेली नाही. ‘एवढंसं पोर आहे, लव, टाच ठेव आणि उरकून घे,’ तो म्हणाला. बाकीचे मासे तसेच परत न्यायचे म्हणजे त्यांचे आणखी दोन तास हाल होणार होते, हे त्याचे म्हणणे खरेच होते. मी आधी सांडव्याच्या फळ्या घालून पाणी बाहेर जाणे थांबवले, मग मालकांना फोन लावला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, ‘गाडी परत पाठव आणि फाटकाला कुलूप लाव.’ मासे जिथून आले त्या मत्स्यशेतीला नदीचे पाणी मिळते आणि त्या नदीत सिग्नल क्रेफिश भरपूर आहेत, हे निघता निघता चालकानेच सांगितले. गाडी ठरवण्याआधी हे आम्ही विचारायला हवे होते.

दिवसाचा उरलेला वेळ जाळी आणि बूट आयोडीनच्या जंतुनाशकात बुडवणे, मत्स्यआरोग्य निरीक्षकांना कळवणे आणि चिडलेल्या गळकऱ्यांचे फोन घेणे यात गेला. सिग्नल क्रेफिश जिवंत पाण्यात परत सोडणे इथे बेकायदा आहे. तो डबीत घालून बर्फपेटीत ठेवला.

रीतसर परवानगी मिळवून जूनमध्ये तळ्यात पिंजरे लावले. पाणमांजर आत अडकू नये म्हणून पिंजऱ्याचे तोंड 95 मिलिमीटरपेक्षा मोठे चालत नाही. आमिषाला माशांची डोकी बांधली होती. रोज पिंजरे उचलत होतो आणि रोज ते रिकामेच निघत होते. त्यावर मी फारसा विसंबलो नाही, कारण पिंजऱ्यात मोठेच क्रेफिश सापडतात. यॉर्कशायरमधल्याच एका ओढ्याचे पाणी अडवून संशोधकांनी मोजणी केली, तेव्हा पिंजऱ्यात येण्याजोगे क्रेफिश शंभरात तीनही भरले नव्हते.

ऑगस्टमध्ये एका परवानाधारक सर्वेक्षक बाईंबरोबर ओढ्यात उतरलो. पहिल्या चौदा दगडांखाली काहीच नव्हते. पंधरावा दगड त्यांनी हळूच कलता केला, गढूळपणा निवळू दिला आणि आतून एक क्रेफिश मागे सरकत बाहेर आला. बाईंनी तो क्षणभर उताणा धरला. नांग्यांची खालची बाजू मळक्या पांढऱ्या रंगाची होती. त्यांनी वहीत ‘1’ लिहिले, दगड होता तसा ठेवला आणि आम्ही पुढच्या दगडाकडे गेलो.