टाकून दिलेलं पॅकेट पुढे जातं तेव्हा: सीव्हीई-२०२४-१०८६

नाशिकला सातपूर-अंबडच्या कारखान्यातला ईआरपी सर्व्हर असो, कॉलेजच्या लॅबमधलं सामायिक मशीन असो किंवा कॉलेज रोडवरच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचा बिल्ड सर्व्हर, लिनक्सच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नलमधल्या, सीव्हीई-२०२४-१०८६ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-दोषाला दिलेला जाहीर क्रमांक) या दोषाबद्दल एक समज पक्का बसलेला दिसतो: मशीन इंटरनेटवर उघडं नाही, म्हणजे धोका नाही. इथे तो समज लागू पडत नाही. हा दोष वापरायला बाहेरून पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) मारावं लागत नाही. त्या मशीनवर साधं लॉगिन असलं की पुरतं, आणि त्यातून थेट रूट, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार, मिळतात.

लिनक्स कर्नलमध्ये पॅकेटची तपासणी नेटफिल्टर करतो. पॅकेटच्या वाटेवर ठरावीक ठिकाणी हुक, म्हणजे तपासणीचे नाके, असतात. तिथे नियम बघून निकाल लागतो: ड्रॉप (टाकून द्या) म्हणजे ०, अ‍ॅक्सेप्ट (पुढे जाऊ द्या) म्हणजे १. निकाल ३२ बिटांच्या एकाच पूर्णांकात बसवलेला असतो. उजवीकडचे ८ बिट हा खरा निकाल. डावीकडच्या १६ बिटांत जोडमाहिती असते. निकाल ड्रॉप असेल तर एरर क्रमांक, क्यू (रांगेत लावा) असेल तर रांगेचा क्रमांक.

एनएफ-टेबल्समध्ये, म्हणजे नेटफिल्टरला फायरवॉलचे नियम देणाऱ्या व्यवस्थेत, नियम दाखल होताना त्याचा निकाल वैध आहे का हे तपासलं जाई, पण बघितले जात फक्त उजवीकडचे ८ बिट. बाकी भागात काय भरलंय ते कुणी विचारत नसे.

आता कागदावर ३२ घरं काढा. डावीकडच्या १६ घरांत १ भरा, उजवीकडच्या १६ घरांत ०. उजवे ८ बिट शून्य, म्हणजे ड्रॉप. तपासणीत हा नियम पास. मग पॅकेट येतं. कर्नलला ड्रॉप दिसतो आणि तो एसकेबी, म्हणजे पॅकेटची मेमरीतली नोंद, मोकळी करून टाकतो. इथवर सगळं ठीक. पुढे बोलावणाऱ्या फंक्शनला एरर कळवायचा म्हणून ती ३२ बिटांची संख्या १६ घरं उजवीकडे सरकवली जाते. संख्या चिन्हासह मोजली जाते आणि तिचा पहिलाच बिट १ आहे, त्यामुळे सरकवल्यावर हाती उरतं वजा १. कर्नलमध्ये एरर ऋण आकड्यात परत द्यायची रीत आहे, म्हणून तिच्यापुढे आणखी एक वजा लागतो. वजा वजा १ म्हणजे १. आणि १ म्हणजे अ‍ॅक्सेप्ट.

बोलावणारं फंक्शन १ बघतं आणि पॅकेट पुढच्या टप्प्यावर पाठवतं. पण ती नोंद आधीच मोकळी झालेली आहे. दिंडोरीकडच्या द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये क्रेट नापास करून रिकामा केला, दुसऱ्या बागायतदाराच्या मालासाठी देऊनही टाकला, आणि चिठ्ठीवर मात्र 'पास' लिहून लोडिंगला पाठवली, तर जो घोळ होईल तोच इथे होतो. पुढचा टप्पा आपलं काम संपवून तीच नोंद पुन्हा मोकळी करतो. मेमरी वाटणाऱ्या अ‍ॅलोकेटरच्या यादीत एकच जागा दोनदा येते आणि ती दोन वेगवेगळ्या मालकांना दिली जाते. एकाने लिहिलं की दुसऱ्याचं बदलतं. कसलेला हल्लेखोर एवढ्या एका धाग्यावरून रूटपर्यंत पोचतो. कर्नलची फ्रीलिस्ट हार्डनिंग, म्हणजे मोकळ्या जागांच्या यादीवरची राखण, एकच जागा लागोपाठ दोनदा मोकळी केली तर ओरडते. मध्ये दुसरी जागा मोकळी झाली की तिला पत्ता लागत नाही. म्हणून तिच्या भरवशावर राहू नका.

फायरवॉलचे नियम तर रूटच लिहितो, मग साध्या यूजरचा संबंध काय? संबंध यूजर नेमस्पेसचा, म्हणजे यूजरला त्याच्यापुरतं वेगळं आवार देणाऱ्या कर्नलच्या सोयीचा. बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये (डेबियन, उबुंटू अशा लिनक्सच्या तयार संचांमध्ये) साध्या यूजरलाही स्वतःची नेमस्पेस उघडता येते, आणि तिच्या आत नेटवर्कचे सगळे अधिकार मिळतात. नियम त्याच्या नेमस्पेसपुरतेच लागू होतात, हे खरं. पण कर्नलची मेमरी सगळ्यांची एकच.

ही ढिलाई २०१४ सालच्या ३.१५ आवृत्तीपासूनची, आणि जानेवारी २०२४ मध्ये ती बंद झाली. दुरुस्ती करणाऱ्या फ्लोरियन वेस्टफाल यांनी पॅचच्या (दुरुस्तीच्या कोडच्या) टिपणात म्हटलंय की जोडमाहितीला मुभा देणारा तो जुना बदल मुळात का केला, हेच उमगत नाही. एनएफ-टेबल्सची क्यूची सोय वेगळ्याच मार्गाने चालते. त्यांनी तो बदल सरळ मागे घेतला. आमच्या मते खरं दुखणं त्या वजा चिन्हात नाही. निकाल, एरर आणि फंक्शनचं उत्तर हे तिन्ही एकाच आकड्यातून वाहून नेलं, दुखणं ते आहे. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीसा या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या दोषांच्या यादीत याला घातलं.

मूळ कर्नलमध्ये ५.१५.१४९, ६.१.७६ आणि ६.६.१५ पासून दुरुस्ती आहे. डिस्ट्रोचा कर्नल असेल तर या आकड्यांशी ताडून बघू नका. रेड हॅट, डेबियन, उबुंटू जुन्याच क्रमांकावर दुरुस्ती मागे आणून लावतात. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) सीव्हीई क्रमांक शोधा, तोच खरा पुरावा.

अपडेट लगेच जमणार नसेल तर साध्या यूजरची नेमस्पेस बंद करा. डेबियन-उबुंटूवर 'अनप्रिव्हिलेज्ड यूजर-एनएस क्लोन' ही सिस-कंट्रोल (कर्नलच्या चालू सेटिंग बदलणारी सोय) सेटिंग ० करायची. रेड हॅट घराण्यात 'मॅक्स यूजर नेमस्पेसेस' ० करायची, पण त्याने रूटलेस पॉडमन (रूटशिवाय कंटेनर चालवायचं साधन) बंद पडेल, हे आधी टीमला सांगा. सेटिंग सिस-कंट्रोलच्या फाइलमध्ये लिहा, नाहीतर रीबूटनंतर उडून जाते. एनएफ-टेबल्सचं मॉड्यूलच ब्लॉक करा असा सल्लाही फिरतो. तो बहुतेकांनी टाळावा. आजकाल आयपी-टेबल्सची कमांडसुद्धा बऱ्याच ठिकाणी आतून एनएफ-टेबल्सच वापरते, आणि मॉड्यूल गेलं की फायरवॉलच जाते.

कंटेनर, म्हणजे एकाच कर्नलवर वेगवेगळे ठेवलेले प्रोग्राम, चालवणाऱ्यांनी जरा थांबून बघावं. डॉकरचं मूळ सेकॉम्प प्रोफाइल (कर्नलकडे काय मागता येईल यावरची बंधनं) नवी यूजर नेमस्पेस उघडू देत नाही. कंटेनरला 'प्रिव्हिलेज्ड' (सगळे अधिकार) लावलं की ती आडकाठी संपली. अनेक मशीनवर कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये तर सेकॉम्प वेगळं चालू केल्याशिवाय पॉडला (कंटेनरच्या गटाला) लागतच नाही.

आणि पॅकेज बसवलं म्हणजे काम झालं असं नाही. रीबूट होईपर्यंत मेमरीत जुनाच कर्नल चालू असतो. कारखान्यात दोन पाळ्या चालू म्हणून रीबूट साप्ताहिक सुट्टीवर ढकलला जातो, मग पुढच्या सुट्टीवर. उबुंटूवर 'रीबूट-रिक्वायर्ड' नावाची फाइल तयार झालेली दिसते, रेड हॅट घराण्यात 'नीड्स-रीस्टार्टिंग' ही कमांड सांगते. रीबूट झाल्यावर 'यूनेम'ने चालू कर्नलचा क्रमांक घ्या आणि बसवलेल्या पॅकेजशी जुळवा. बूट मेन्यूत जुना कर्नल डिफॉल्ट ठेवलेला असेल तर मशीन रीबूट होऊनही पुन्हा त्याच दोषासकट वर येतं.