पाचव्यांदा लाईट गेली की सर्व्हर पडतो

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेलचा कारखाना. १८० माग, प्रत्येक मागावर एक छोटा गेटवे. तो दर पाच सेकंदांनी पिकांची (विणलेल्या आडव्या धाग्यांची) संख्या आणि माग का थांबला त्याचं कारण सर्व्हरला पाठवतो. सर्व्हरवरचा सगळा टीसीपीचा (नेटवर्क जोडण्यांचा) कारभार सी भाषेतली एक लायब्ररी सांभाळते आणि तिची देखभाल आमच्याकडे आहे. तक्रार एवढीच होती की सर्व्हिस अधूनमधून मरते, लॉगमध्ये ‘रीअलॉक : इनव्हॅलिड पॉइंटर’ अशी एक ओळ येते (रीअलॉक म्हणजे घेतलेल्या मेमरीचा आकार बदलणारं फंक्शन, पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता), आणि पडद्यावरचे सगळे माग लाल होतात.

पहिला उपयोगी धागा मिळाला तो शेडमधल्या जॉबरकडून, म्हणजे मागांची देखभाल पाहणाऱ्याकडून. “साहेब, लाईट एकदा-दोनदा गेली तर काय होत न्हाई. चार-पाचदा गेली की मगच बंद पडतंय तुमचं.” मे महिना, दुपारी ऊन आणि संध्याकाळी वळवाची वावटळ, लाईट चार-पाचदा जाणं इथे नवलाचं नाही. सर्व्हर यूपीएसवर असतो, गेटवे थेट मेनवर. रोज पहाटे पाळी बदलताना सर्व्हिस आपोआप रीस्टार्ट होत होती, त्यामुळे हिशोब रोज शून्यापासून सुरू व्हायचा. हा रीस्टार्ट नसता तर दोष खूप आधी पकडला गेला असता, असं माझं मत.

कोअर फाइल (मरतानाच्या मेमरीची प्रत) जीडीबी या डीबगरमध्ये उघडली. मरण रीअलॉकमध्ये आलं होतं, पण तिथला कोड निर्दोष होता. नजर अडली ती पॉइंटरवर: हेक्समधला (सोळाच्या पद्धतीतला) त्याचा शेवटचा अंक ७. ६४ बिट लिनक्सवर ग्लिबसी या सीच्या मूळ लायब्ररीतला, मेमरी देणारा मॅलॉक नेहमी १६ने भाग जाणारा पत्ता देतो, म्हणजे शेवटचा अंक ० असायलाच हवा. मॅलॉकने दिलेला पत्ता नंतर कुणीतरी बिघडवला होता, आणि तोही फक्त खालचे तीन बिट चालू करून. १ अधिक २ अधिक ४. मेमरीवर भलताच मजकूर सांडला तर असा नीटनेटका डाग पडत नाही. एकेक बिट चालू करणारं कुणीतरी शेजारी होतं.

स्ट्रक्चरमध्ये त्या पॉइंटरच्या बरोबर आधी एक एफडी_सेट (कोणत्या जोडण्या बघायच्या त्याचा बिटांचा संच) बसला होता. लायब्ररी जुनी, सगळे सॉकेट (नेटवर्क जोडणीची टोकं) सिलेक्ट या सिस्टिम कॉलने बघणारी. ग्लिबसीमध्ये एफडी_सेट म्हणजे १०२४ बिट, १२८ बाइट. त्यात डिस्क्रिप्टर (सॉकेटचे क्रमांक) ० ते १०२३ मावतात. १०२४ क्रमांकाचा सॉकेट आला की तो बिट मॅक्रो (सीमधला तयार कोडसाचा) मेमरीच्या पुढच्या शब्दात म्हणजे पुढच्या ६४ बिटांत लिहितो आणि एरर काही देत नाही. आमच्याकडे पुढचा शब्द म्हणजे बफरचा पॉइंटर. १०२४, १०२५ आणि १०२६ असे तीन सॉकेट जोडले गेले आणि शून्याचे सात झाले. त्यानंतर बफर वाढवायची वेळ आली तेव्हा रीअलॉकने हात वर केले. सिलेक्ट परतताना कर्नलही हाच उद्योग करतो: तो दिलेल्या कमाल डिस्क्रिप्टरप्रमाणे बिट लिहून देतो, तुमचा संच केवढा आहे हे त्याला ठाऊक नसतं. म्हणजे सिलेक्टला देण्यासाठी स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) केलेल्या संचाच्या प्रतीच्या पलीकडेही रोज खरडलं जात होतं. तिथे नशिबाने महत्त्वाचं काही नव्हतं.

पण माग १८०, मग डिस्क्रिप्टर हजारावर का? लाईट गेली की गेटवे विझतो. फिन नाही, रीसेट नाही (कनेक्शन संपल्याचे टीसीपीचे निरोप), सर्व्हरला काहीच कळत नाही. लाईट आली की तोच गेटवे नव्या पोर्टवरून नवं कनेक्शन जोडतो. जुनं ‘एस्टॅब्लिश्ड’ म्हणून तसंच उभं. आमचा सर्व्हर फक्त ऐकतो, स्वतःहून काही पाठवत नाही, त्यामुळे रीट्रान्समिशन (पुन्हापुन्हा पाठवणं) थकून एरर येण्याचाही प्रश्न नाही. सकाळी १८०, पहिल्यांदा लाईट गेल्यावर ३६०, मग ५४०, ७२०, ९००, आणि पाचव्या वेळी १०८०कडे जाताना वाटेत १०२४ लागतो. जॉबरचं निरीक्षण तंतोतंत होतं.

लिनक्समध्ये एका प्रोसेसला उघड्या फाइलींची (सॉकेटही त्यात धरून) मऊ, म्हणजे वाढवता येणारी, मर्यादा मुळात १०२४च असते. ती होती तोवर ‘टू मेनी ओपन फाइल्स’ असा स्वच्छ एरर यायचा. कुणीतरी तो घालवायला सर्व्हिस फाइलमध्ये ती ६५५३६ केली. एरर गेला आणि मेमरी बिघडायला लागली. सिलेक्ट वापरणाऱ्या प्रोग्रामला ही मर्यादा वाढवून देणं म्हणजे फ्यूज काढून तार गुंडाळणं.

अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारं साधन) लावून पाहिलं, मूळ लिखाणाबाबत तो गप्प. कारण उघड आहे: लिखाण त्याच स्ट्रक्चरच्या आत होतं, आणि एका फील्डमधून शेजारच्या फील्डमध्ये गेलेलं लिखाण तो पकडत नाही. पकडलं ते फोर्टिफाय सोर्स या बिल्ड करताना चालू करायच्या तपासणीने. पातळी २ लावली की एफडी_सेटचा मॅक्रो क्रमांक तपासतो आणि मर्यादेबाहेर दिसला की प्रोसेस जागेवर थांबवतो. पण हे चालायला ऑप्टिमायझेशन लागतं, आणि मेकफाइलमध्ये रिलीज बिल्डलाही ‘ओ शून्य’, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद, लिहिलेलं होतं.

दोष हातात आणायला १०८० कनेक्शन जोडत बसायची गरज नाही. एफसीएनटीएल या सिस्टिम कॉलला एफ_डुपएफडी (डिस्क्रिप्टरची प्रत काढण्याचा हुकूम) आणि १०२४ दिलं की सॉकेटची प्रत थेट १०२४ किंवा त्यावरच्या क्रमांकावर मिळते. फक्त आधी मर्यादा वाढवून ठेवायची. ही टेस्ट आता कायमची टेस्ट-सूटमध्ये आहे, क्षणात होते.

दुरुस्ती तीन वेगळ्या कमिटमध्ये केली, एकत्र नाही. पहिली, सिलेक्टच्या जागी पोल (तेच काम करणारा दुसरा कॉल): त्याला क्रमांकाची मर्यादा नाही, अ‍ॅरे हवा तेवढा वाढवता येतो. २०० सॉकेटसाठी हजारो सॉकेटसाठीच्या ईपोलचा सोस नको, पोल वाचायला सोपा पडतो. दुसरी, हँडशेक (जोडणीची सुरुवातीची देवाणघेवाण) फसल्यावर सॉकेट बंद न करताच परतणाऱ्या वाटा. अशा दोन सापडल्या, दोन्ही आता फंक्शनच्या शेवटच्या एकाच सफाईच्या जागी येतात. तिसरी, मेलेली कनेक्शनं ओळखणं. टीसीपीचा कीपअलाइव्ह (पलीकडचा जिवंत आहे का ही चौकशी) मागितल्याशिवाय चालू होत नाही, आणि नुसता चालू केला तर पहिली चौकशी ७२०० सेकंदांनी होते, पुढे ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ वेळा. म्हणजे दोन तास अकरा मिनिटं. आम्ही ३० सेकंद, १० सेकंद आणि ३ वेळा असं ठेवलं, मिनिटभरात निकाल. तरी माझा भरवसा त्याच्यावर कमीच, कारण गेटवेतला प्रोग्राम अडकला तरी त्याचा कर्नल चौकशीला उत्तर देत राहतो. म्हणून त्याच सीरियल नंबरचं नवं कनेक्शन आलं की जुनं बंद, आणि ३० सेकंद डेटा नाही तरी बंद. ही मुदत लायब्ररीत पक्की न ठेवता वापरणाऱ्याने द्यायची आहे.

पाळीच्या सुट्टीत एका ओळीचा मेन स्विच पुन्हापुन्हा पाडून पाहिला. एसएस या उघडे सॉकेट दाखवणाऱ्या कमांडमध्ये मोजलेली कनेक्शनं दर वेळी मिनिटभरात १८०वर परत येत होती. विंडोजचं बिल्ड मात्र बाकी आहे. तिथे एफडी_सेट म्हणजे बिट नव्हेत, सॉकेटची यादी असते, आणि मुळात जागा ६४. पासष्टावा सॉकेट मॅक्रो गुपचूप गाळतो: क्रॅश नाही, एरर नाही, त्या मागाचा डेटा मात्र वाचलाच जात नाही. तूर्तास तिथे ६४ झाले की नवं कनेक्शन नाकारून लॉगमध्ये लिहितो.