परतीच्या गाडीचा हिशेब: आमची वाटचाल

लातूरला आमचं काम डाळीच्या गाड्यांनी सुरू झालं. मिलमधून तूरडाळ, हरभराडाळ भरायची, पुण्या-मुंबईला उतरवायची आणि परतीचं भाडं शोधायचं. मार्केट यार्डातून किराणा नाहीतर हार्डवेअर मिळालं तर ठीक, नाहीतर गाडी उभी. बदली होऊन उदगीर, अहमदपूर, नांदेडकडे निघालेल्या बँकवाल्यांचं आणि शिक्षकांचं सामान अशाच उभ्या गाड्यांत येऊ लागलं. त्यांना स्वस्त पडायचं, आमचं डिझेल निघायचं. आता आमच्याकडे घरसामानाचंच काम जास्त आहे, हिशेब मात्र तोच आहे, आणि तो ग्राहकाला कळावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

लातूर ते पुणे रस्त्याने साधारण ३४० किलोमीटर. १४ फुटी आयशर भरलेली असताना लिटरला ८ किलोमीटरच्या आसपास चालते, म्हणजे एका बाजूला साडेबेचाळीस लिटर डिझेल. लिटरला ९० रुपये धरले तर ३,८२५ रुपये. त्यावर टोल, ड्रायव्हरचा भत्ता, टायरची झीज, गाडीचा हप्ता. फक्त तुमच्यासाठी गाडी केली तर मालक यातला बहुतेक खर्च दोन्ही बाजूंचा धरतो, कारण येताना गाडी रिकामी येणार असते. परतीची गाडी मिळाली की ती दुसरी बाजू तुमच्या बिलातून निघून जाते. लांबच्या बदलीत खरा पैसा इथे वाचतो. बबल रॅप कमी लावून किंवा एक हमाल कमी घेऊन जे वाचतं ते फ्रीजच्या दाराला एक पोचा आला की संपतं.

कोणती दिशा स्वस्त हे महिन्यावर ठरतं. ऑक्टोबर ते डिसेंबर सोयाबीनचा हंगाम. लातूर, उदगीर, हिंगोलीतून बाहेर जायला गाड्या कमी पडतात, त्यामुळे बाहेर जायचं भाडं चढतं. पण त्याच दिवसांत पुण्याहून मराठवाड्याकडे यायला गाडी स्वस्त मिळते, कारण तिला इकडे माल भरायचाच असतो. जानेवारीनंतर नवी तूर आली की तसंच. मे-जूनमध्ये बदल्या आणि शाळा एकत्र येतात, तेव्हा दोन्ही दिशांना लहान गाड्या मिळत नाहीत. ज्यांना तारीख निवडता येते त्यांनी महिन्याचा शेवटचा आणि पहिला आठवडा टाळावा. भाड्याची घरं तेव्हाच बदलतात.

संभाजीनगरहून पुण्याकडे जाणाऱ्यांना वाळूजचा फायदा आहे. वाळूज आणि चाकणच्या कारखान्यांमध्ये सुट्या भागांची ये-जा वर्षभर चालते, आणि त्या गाड्या बहुतेक बंद बॉडीच्या असतात. घरसामानाला बंद बॉडी केव्हाही चांगली. जालन्याचं उलट आहे. तिथली सळईची गाडी अर्धी मोकळी दिसते म्हणून लोक वर सामान टाका म्हणतात. त्या गाडीचं वजन आधीच पूर्ण झालेलं असतं, मोकळी दिसते ती नुसती उंची. शिवाय ब्रेक लागला की सळई सरकते. अशा गाडीत आम्ही घरसामान चढवत नाही, कोणी चढवू म्हटलं तर तुम्हीही नको म्हणा.

दुसरा हिशेब जागेचा. घरसामान वजनाने हलकं, आकाराने फुगीर. म्हणून आम्ही ते किलोवर मोजत नाही, घनफुटांवर मोजतो. १४ फुटी गाडीचा हौदा साधारण ६ फूट रुंद, आणि ६ फूट उंचीपर्यंत रचलं तर ५०४ घनफूट. एका बेडरूमचं भरलेलं घर ३०० घनफुटांच्या आसपास बसतं. छोटा हत्ती ७ फुटी, त्यात १७० ते २०० घनफूट मावतं, म्हणजे एकट्या माणसाचं किंवा नुकत्याच लग्न झालेल्या जोडप्याचं. दोन बेडरूमच्या घराला १४ फुटी भरते, आणि दिवाण, सोफा, डायनिंग टेबल सगळंच असेल तर १७ फुटी लागते.

या मोजणीतून दोन गोष्टी लगेच दिसतात. एक, तीन दारी कपाट साडेसहा फूट उंच, चार रुंद, दोन खोल, म्हणजे ५२ घनफूट. १४ फुटी गाडीचा दहावा हिस्सा ते एकटं खातं. ते पार्टिकल बोर्डचं (भुसा दाबून केलेल्या फळीचं) असेल तर उघडून पुन्हा जोडताना भोकांचा भुगा होतो आणि स्क्रू धरत नाही. असं कपाट आहे त्या गावात विकून टाकावं, असं आम्ही स्पष्ट सांगतो, मग आमचं भाडं कमी झालं तरी चालेल. लोखंडी कपाट किंवा सागवानी दिवाण मात्र न्यायलाच हवा.

दुसरी गोष्ट, ३०० घनफुटांचं घर ५०४ च्या गाडीत एकटं गेलं तर २०० घनफूट हवेचं भाडं कोणीतरी भरतं. त्यातून आम्ही पार्ट लोडकडे, म्हणजे एका गाडीत दोन किंवा तीन घरांकडे आलो. पूर्वी याला अडचण नाक्यांची आणि तपासणीची होती. जकात आणि नंतर एलबीटीच्या (महापालिकेच्या स्थानिक संस्था कराच्या) काळात गाडी कुठे किती थांबेल याचा भरवसा नसायचा, आणि एका घराच्या कागदासाठी तिघांचं सामान अडायचं. ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला, जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा मुंबईची जकातही गेली. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि टोलवरच्या रांगाही कमी झाल्या. आता पोहोचायची वेळ सांगता येते, म्हणून दोन घरांना एका गाडीत बसवता येतं.

पार्ट लोडमध्ये बिघडतं ते भरण्याच्या क्रमात. जे घर शेवटी उतरणार ते आधी, केबिनकडे भरायचं. हा क्रम चुकला तर पहिल्या घरासाठी दुसऱ्याचं सामान रस्त्यावर काढावं लागतं, आणि हरवतं ते तिथेच. प्रत्येक घराच्या खोक्यांना वेगळ्या रंगाची टेप, प्रत्येक खोक्यावर दोन बाजूंना नंबर, आणि मध्ये गाद्या उभ्या करून आडोसा. नंबर झाकणावर लिहू नये, एकावर एक रचलं की तो दिसत नाही. ज्याला सोमवारी कामावर हजर व्हायचं आहे आणि त्याच दिवशी सामान हवं आहे, त्याने पार्ट लोड घेऊ नये. तीन ते सात दिवसांची मोकळीक असेल तरच हा मार्ग स्वस्त आणि सुखाचा.

सामान अगदीच कमी असेल तर रेल्वे पार्सल बघावं. शिकायला निघालेली मुलं, एकटे नोकरदार यांना पुस्तकांची खोकी, सायकल किंवा मोटारसायकल पाठवायला ते बरं पडतं. नांदेड, संभाजीनगरसारख्या मोठ्या स्टेशनवर पार्सल ऑफिस आहे. गाडी जिथे मिनिट-दोन मिनिटं थांबते तिथे पार्सल चढवता-उतरवता येत नाही, म्हणून दोन्हीकडचं स्टेशन मोठं हवं. मोटारसायकलची टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसे काढून ठेवावेत, हँडल, टाकी आणि इंडिकेटरला फोम लावून वरून बारदान शिवून घ्यावं. आरसी आणि ओळखपत्राची प्रत लागते. पोहोचल्यावर सामान वेळेत सोडवलं नाही तर जागेचं भाडं चढत जातं. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर वाहनाची नोंदणी तिकडे करावी लागते, त्यासाठी निघण्याआधीच आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) घ्या. हैदराबाद, बेंगळुरूला गेल्यावर त्यासाठी परत चक्कर पडते.

आता पॅकिंग. मराठवाड्यातलं घर हलतं तेव्हा वर्षाचं धान्य सोबत निघतं, आणि मोठ्या शहरांतल्या पॅकर्सना त्याचा अंदाज नसतो. दोन क्विंटल गहू, क्विंटलभर ज्वारी, डाळी धरल्या तर ३०० किलोच्या वर जातं. छोट्या हत्तीची क्षमताच ७५० किलोच्या आसपास, म्हणजे जवळपास निम्मं वजन धान्याचं. कोठी भरलेली कधीच उचलू नका. पत्र्याचा जोड खालून उकलतो आणि कोठी कायमची वाकडी होते. धान्य ५० किलोच्या पोत्यांत भरायचं, तोंड सुतळीने शिवायचं, पोती हौद्याच्या तळाला केबिनकडे आडवी लावायची. रिकाम्या कोठीत गोधड्या आणि पांघरुणं भरावीत, मग ती जागा वाया जात नाही. लोणच्याची बरणी आणि तेलाचा डबा धान्यावर ठेवू नये. गळलं तर अख्खं पोतं जातं. ते फाळक्याजवळ (हौद्याच्या मागच्या दाराशी), शेवटी.

फ्रीज २४ तास आधी बंद करून बर्फ वितळू द्यावा, आतल्या काचा आणि ट्रे काढून वेगळे गुंडाळावेत. न्यायचा उभाच. आडवा केला की कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत शिरतं, आणि लगेच चालू केला तर कॉम्प्रेसर बसतो. उभा नेला तरी उतरवल्यावर चार-सहा तास थांबावं. समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनला मागच्या बाजूने ट्रान्झिट बोल्ट लावावे लागतात. नवं मशीन येतं तेव्हा ड्रम आवळून धरणारे ते हेच लांब बोल्ट, आणि बहुतेक घरांत ते फेकून दिलेले असतात. त्यांच्याशिवाय ३०० किलोमीटर ड्रम हादरत राहतो आणि शॉकअब्सॉर्बर तुटतात. सर्व्हिस सेंटरमधून मागवता येतात, म्हणून आठ-दहा दिवस आधी बघावं. एसी काढताना मेकॅनिकने गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून व्हॉल्व्ह बंद केला आहे ना, हे समोर उभं राहून बघा. घाईत नळी नुसती सोडली तर गॅस हवेत जातो आणि नव्या घरी पूर्ण भरावा लागतो. तांब्याच्या नळीची तोंडंही बंद हवीत, धूळ गेली की त्रास होतो.

पुस्तकांची खोकी लहान घ्या, १५ किलोच्या आत. १८ इंची चौकोनी खोक्यात पुस्तकं गच्च भरली तर वजन ६० किलोच्या वर जातं, तळ सुटतो आणि हमालाची पाठही जाते. ताटं-बशा उभ्या लावायच्या, आडव्या रचल्या की खालच्या फुटतात. लोखंडी कपाट रिकामं करून, फळ्या काढून, दाराला कुलूप लावून उभं न्यावं. कपड्यांसकट नेलं तर बिजागरी वाकते आणि पुढे दार कधीच नीट लागत नाही. प्रत्येक वस्तूचे स्क्रू त्याच वस्तूला पिशवीत बांधून चिकटवा.

एप्रिल-मेच्या उन्हात इकडे ताडपत्रीखाली हौदा भट्टीसारखा तापतो. खोक्याच्या टेपचा गोंद सैल पडतो, सनमायक्यावर सरळ लावलेली टेप डाग सोडते, मेणबत्त्या आणि औषधं खराब होतात. उन्हाळ्यात खोक्याच्या तळाला तीन पट्टे टेप आणि वरून सुतळी, फर्निचरला आधी कापड मग स्ट्रेच फिल्म. पावसाळ्यात उघड्या गाडीला दोन ताडपत्र्या, आणि खोकी थेट फळीवर न ठेवता खाली प्लास्टिक.

भरलेला गॅस सिलिंडर गाडीत घेत नाही. एजन्सीकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यावं, त्यावर नव्या गावी कनेक्शन मिळतं. इन्व्हर्टरची बॅटरी उभी, टर्मिनलला टेप लावून, फाळक्याजवळ. दागिने, कागदपत्रं आणि देवघरातले देव स्वतःजवळ ठेवावेत.

कागदांबद्दल सगळ्यात जास्त फोन येतात. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (जीएसटीखालचा माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागत नाही. मात्र नवाकोरा टीव्ही खोक्यासकट असेल तर त्याचं बिल सोबत ठेवा. बिल्टी (माल ताब्यात घेतल्याची ट्रान्सपोर्टची पावती) प्रत्येक घराची वेगळी हवी, तिच्यावर गाडी नंबर, खोक्यांची संख्या आणि ठरलेली पूर्ण रक्कम. २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्याप्रमाणे नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते, म्हणून बिल्टी फेकू नका. बिलात इन्शुरन्स म्हणून टक्केवारी लावली असेल तर विमा कंपनीच्या पॉलिसीचा नंबर मागा. नंबर नसेल तर तो विमा नाही, नुसती आकारणी आहे. रक्कम ठरवताना जीएसटी, टोल, हमाली, वाराई (गाडी भरण्या-उतरवण्याची मजुरी), मजले आणि कपाट पुन्हा जोडणं, या सगळ्यांचं धरलं आहे का हे लेखी घ्या. वाटेत भाडं वाढवून मागण्याचे प्रकार होतात ते तोंडी व्यवहारातच. ॲडव्हान्स देताना गाडीच्या आरसीचा आणि ड्रायव्हरच्या लायसनचा फोटो घ्या.

दर विचारताना आम्हाला नुसतं ‘टू बीएचके’ सांगू नका. प्रत्येक खोलीचा एक व्हिडिओ, जिन्याचा फोटो, दोन्हीकडचा मजला, लिफ्टमध्ये कपाट जातं का, आणि गल्लीत मोठी गाडी वळते का, एवढं पाठवा. पुण्या-मुंबईत दिवसा मोठ्या गाड्यांना बऱ्याच रस्त्यांवर बंदी असते आणि सोसायटीची सामान चढवायची वेळही ठरलेली असते. मोठी गाडी दारापर्यंत जात नसेल तर शेवटचे दोन-तीन किलोमीटर छोटा हत्ती करावा लागतो, तो खर्च आधी कळलेला बरा. तारीख पुढे-मागे किती चालेल तेही लिहा. त्यावरून त्या आठवड्यात तुमच्या दिशेची परतीची गाडी आहे का ते बघून आम्ही दोन दर कळवतो, एक अख्ख्या गाडीचा आणि एक पार्ट लोडचा.