गिरगाव ते चौल, व्हाया चुकीचं गिअर ऑइल

चाळ रिकामी करायची तारीख आली तेव्हा माणसं भाड्याच्या खोल्यांत गेली, पण आजोबांचा सागवानी झोपाळा कुठे जाणार? त्याच्या चार पितळी कड्या, आरशाचं कपाट, दोन हंडे, एक घंगाळ आणि आईने ‘हा टाकायचा नाही’ म्हणून बजावलेला पाटा-वरवंटा. हे सगळं चौलच्या वाडीत न्यायचं ठरलं. गाडी घरचीच होती. धाकट्या भावाचा मंडप डेकोरेशनचा धंदा आहे, त्याचा २००९ सालचा डिझेल पिकअप वडाळ्याला उभा असतो. नवरात्राच्या कामामुळे भाऊ येऊ शकत नव्हता. चालवायला मी, सोबत आई आणि मामा. मामा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. तरी स्टिअरिंग मीच धरलं, कारण गाडीची तयारी मी केली होती आणि मला तिचा अभिमान होता.

त्या तयारीतच घोळ झाला.

जुलैत एका दुपारी भाऊ हिंदमाताच्या पाण्यातून गाडी घेऊन आला होता. भूमिगत टाक्या बांधल्यापासून तिथे पूर्वीइतकं तुंबत नाही, पण त्या दिवशी भरतीही होती आणि पाऊसही. चालून चालून तापलेला गिअरबॉक्स असा गार पाण्यात बुडाला की आतली हवा आक्रसते आणि वरच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या बारीक वाटेतून, पाणी आत ओढलं जातं. ऑक्टोबरात मी खालचा प्लग खोलला तर तेल कसलं, टपरीवरचा कटिंगच बाहेर आला. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी. ते बदलायलाच हवं होतं, इथपर्यंत माझं बरोबर होतं.

ऑपेरा हाऊसची स्पेअर पार्टची दुकानं आमच्या घरापासून चालत पाच-सात मिनिटांवर. काउंटरवरच्या माणसाने नेमका प्रश्न विचारला, “बॉक्सला की हौजिंगला?” हौजिंग म्हणजे मागच्या दोन चाकांमधला डिफरन्शियल, त्याचं तेल वेगळं. मी ऐटीत म्हणालो, “१४० नंबर द्या, गाडी जुनी आहे.” त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाच लिटरचा डबा पुढे केला. माझा हिशेब असा की म्हातारा बॉक्स जरा घुं-घुं करतो, जाड तेल घातलं की आवाज दबेल. डब्यावर मोठ्या अक्षरात ८५डब्ल्यू-१४० होतं, म्हणजे तेलाचा जाडपणा, आणि त्याखाली बारीक अक्षरात एपीआय जीएल-५, म्हणजे तेलाचा प्रकार. मोठं मी वाचलं, बारीक सोडलं. गाडीचं पुस्तक डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं होतं. त्यात गिअरबॉक्ससाठी ८०डब्ल्यू-९०, जीएल-४ असं स्पष्ट छापलं आहे. पुस्तक मी उघडलं ते पेणला.

पहाटे सामान चढवलं. तिसऱ्या मजल्यावरून लाकडी जिन्याने कपाट उतरवणं हा एक स्वतंत्र प्रवास आहे, त्यात जात नाही. एवढंच सांगतो की आरसा आधी काढून गोधडीत गुंडाळा आणि कपाट हौद्यात उभं न ठेवता आडवं टाका. ताडपत्री दोरीने बांधताना पुढची बाजू मागच्या बाजूवर यायला हवी, नाहीतर वाशीच्या पुलावर तिचं शीड होतं.

साडेसहाला निघालो. गल्लीतच पहिला गिअर अडला. नंतर दुसराही. सकाळी गार असताना जाड तेल गुळाच्या पाकासारखं असतं, दात त्यातून ढकलावे लागतात, हे मला आता कळतं. तेव्हा वाटलं, लोड आहे, क्लच जुना आहे. भायखळा, लालबाग, परळ, हिंदमाता, दादर टीटी, किंग्ज सर्कल. या रस्त्यावर दर दोन मिनिटांनी सिग्नल आणि दर सिग्नलला पहिला-दुसरा-पहिला-दुसरा. गिअरबॉक्स तपासायचा असेल तर मुंबईत याच्यासारखी जागा नाही. सायनला पोचेस्तोवर डाव्या खांद्याला रग लागली होती आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना बारीक ‘कर्र’ ऐकू यायला लागलं होतं. मामा खिडकीबाहेर बघत होते. बोलले काहीच नाहीत, पण दर ‘कर्र’ला त्यांचा पाय आपोआप खाली दाबला जात होता.

शिवडीवरून अटल सेतूने जायचा विचार आधी होता. गाडीबद्दल जराही शंका असेल तर तिकडे वळू नका. २१.८ किलोमीटरपैकी साधारण साडेसोळा किलोमीटर समुद्रावर आहेत आणि मध्ये थांबायला मनाई आहे. बंद पडलात तर चहाची टपरी नाही, मेकॅनिक नाही, वळायला जागा नाही. आम्ही मानखुर्द-वाशीचा जुना रस्ता धरला.

वाशीच्या पुढे मला बरं वाटायला लागलं. चौथ्यात गाडी सरळ चालली, तेल तापलं, गिअर हलके पडायला लागले. इथेच मी फसलो. तापल्यावर जडपणा गेला, पण ‘कर्र’ गेलं नव्हतं. गिअर बदलायची वेळच येत नव्हती म्हणून ते ऐकू येत नव्हतं. कळंबोली मागे टाकली. तुमच्या बाबतीत असं झालं तर कळंबोलीतच थांबा. ट्रक-टेंपोवाल्यांची वस्ती आहे, तेल, मेकॅनिक, जुने पार्ट सगळं रांगेत मिळतं. तिथून पुढे पेणपर्यंत शोधाशोध करावी लागते.

कर्नाळ्याच्या चढावर पुढे एक कंटेनर रांगत होता. चौथ्यातून तिसरा मारायला गेलो तर असा आवाज झाला की आईने घंगाळाला काही झालं म्हणून मागे वळून पाहिलं. पुन्हा मारला, पुन्हा तेच. गाडीचा वेग गेला, न्यूट्रलमध्येच थांबली, मी हँडब्रेक ओढला आणि मागे हॉर्नची आरती सुरू झाली.

मामा एवढंच म्हणाले, “सरक.”

पुढचे पंचवीस किलोमीटर मामांनी डबल क्लचवर काढले. ही गोष्ट जुन्या ड्रायव्हरांना हातात असते आणि आपल्यापैकी कुणाला कधी शिकवली जात नाही, म्हणून नीट लिहितो. खालचा गिअर टाकायचा असेल तेव्हा क्लच दाबून न्यूट्रल करा, क्लच सोडा, न्यूट्रलमध्येच ॲक्सिलरेटरला एक हलका ठोसा द्या, पुन्हा क्लच दाबा आणि मग गिअर टाका. वरचा टाकताना ठोसा द्यायचा नाही, न्यूट्रलमध्ये क्लच सोडून क्षणभर थांबायचं. बॉक्समधल्या दोन फिरत्या भागांचा वेग एक झाला की गिअर लोण्यात सुरी जावी तसा जातो. नव्या बॉक्समध्ये हे काम सिंक्रोची रिंग करते. आमची रिंग संपावर गेली होती, तिचं काम मामांचा उजवा पाय करत होता. मुंबईत परतल्यावर मी रिकाम्या रस्त्यावर आठवडाभर याची तालीम केली. अजून दहातले चार फसतात.

पेणला हायवेला लागून असलेल्या एका गॅरेजवाल्याने गाडीखाली जाऊन लेव्हल प्लग सैल केला, बोटावर थेंब घेतला, अंगठ्याने चोळला आणि वास घेतला. “हे हौजिंगचं तेल आहे. बॉक्समध्ये कोणी घातलं?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं.

तो वास गंधकाचा. हौजिंगमधली क्राऊन आणि पिनियन ही दोन दातेरी चाकं एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात, कारण पिनियन क्राऊनच्या मध्याच्या खाली बसवलेला असतो. तिथला दाब साध्या तेलाची फिल्म फाडून टाकतो. म्हणून जीएल-५ तेलात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जीएल-४च्या जवळपास दुप्पट असतात, पोलादावर त्यांचा निसरडा थर बसतो. हौजिंगला हेच हवं. सिंक्रोची रिंग मात्र पितळेची असते आणि तिचं सगळं काम घर्षणावर चालतं. गिअरच्या शंकूला धरून तिला त्याचा वेग जुळवायचा असतो. तेल फार निसरडं झालं तर तिची पकड सुटते आणि दात दातावर आदळतात. तेच ते ‘कर्र’.

या चुकीचे दोन वेगळे तोटे आहेत आणि लोक ते एकत्र करून घाबरतात किंवा एकत्र करून सोडून देतात. पकड सुटणं हे पहिल्या किलोमीटरपासून होतं आणि तेल बदललं की बरंचसं लगेच थांबतं. दुसरं म्हणजे गंधक पितळेला खातं. ते हळूहळू होतं, उष्णतेत जास्त होतं आणि एकदा झालं की परत येत नाही. घरातलं पितळ काळं पडतं तो याच घराण्यातला प्रकार. आमच्या हौद्यात किलोच्या किलो पितळ गोधड्यांत जपून चाललं होतं आणि खाली बॉक्समधल्या पितळेला मी गंधकाची आंघोळ घालत होतो. म्हणून चूक लक्षात आली की ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ म्हणू नका, पण गाडी भंगारात काढायची वेळ आली असंही समजू नका. आजकालच्या काही जीएल-५ तेलांत पितळेला सांभाळणारी द्रव्यं असतात. तरी पितळ वाचलं म्हणजे पकड आली असं होत नाही.

हे काम घरी करणार असाल तर वरचा, भरायचा प्लग आधी खोला आणि तो खोलता आल्यावरच खालच्याला हात लावा. जुन्या गाडीत वरचा प्लग गंजून बसलेला असतो. सगळं तेल सांडून बसलात आणि वरचा खुललाच नाही तर गाडी जागची हलणार नाही. तेल गरम असताना काढा, पण हात सांभाळून. गाडी सपाटीवर हवी, पुढून जॅकवर चढवून लेव्हल चुकते. नवं तेल वरच्या भोकातून थेंब-थेंब बाहेर येईपर्यंत भरायचं. आमच्या बॉक्समध्ये दोन लिटरच्या थोडं वर बसलं, तुमचा आकडा तुमच्या पुस्तकात बघा. निघालेलं तेल गटारात नको, गॅरेजच्या ड्रममध्ये द्या. प्लगच्या लोहचुंबकावर काळं लोण्यासारखं काही चिकटलेलं असेल तर ती पोलादाची नेहमीची झीज. तेलात सोनेरी चमक तरंगत असेल तर ते पितळ आहे, ते चुंबकाला चिकटत नाही. आमच्या तेलात चमक होती. थोडी, पण होती.

दिवाळीच्या फराळाआधीच आईने तेवढ्या वेळात पेणचे पोह्याचे पापड घेऊन टाकले. योग्य तेल पडल्यावर गॅरेजवाल्याने बजावलं की जुनं तेल कोपऱ्याकापऱ्यांत चिकटून राहतं, शे-दोनशे किलोमीटरनंतर हेही काढून पुन्हा भरा. रॉकेलने बॉक्स धुऊन द्यायला तो तयार होता. मामांनी नको म्हटलं. मलाही ते पटलं, कारण उरलेलं रॉकेल नव्या तेलाला पातळ करणार.

पुढचा रस्ता सोपा. वडखळचा नाका शनिवारी सकाळी दहाच्या आत गाठा, नंतर अलिबागला निघालेल्या मोटारींची जत्रा असते. कार्ल्याच्या खिंडीत तिसरा गिअर मी टाकला, मामांनी श्वास रोखला आणि तो पडला. किंचित कुरकुरला, पण पडला. चौलच्या वाडीत शिरायला नारळी-पोफळीतून जवळपास शंभर मीटर रिव्हर्स यावं लागलं. तिथे गिअर करकरला तेव्हा माझं पाणी पाणी झालं. मामांनी समजावलं की रिव्हर्सला बहुतेक जुन्या गाड्यांत सिंक्रो नसतोच. क्लच पूर्ण दाबून दोन सेकंद थांबायचं आणि मग टाकायचा. तरीही करकरत राहिला तर तेलाला दोष न देता क्लच बघायचा.

मुंबईत परतल्यावर दुसऱ्यांदा तेल बदललं. तरी दुसरा गिअर अधूनमधून बोलायचा, म्हणून कुर्ल्याला सीएसटी रोडवर बॉक्स उतरवला. दुसऱ्याच्या रिंगचे दात गोल झाले होते. मी लाजून तेलाची गोष्ट सांगितली तर मिस्त्री हसला. म्हणाला, ही झीज दहा वर्षांची आहे, एका दिवसाच्या तेलाने एवढं होत नाही, तेलाने फक्त चुगली केली. भावासमोर हे वाक्य मी त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

जाता जाता आणखी एक. काही गाड्यांच्या साध्या, हाताने टाकायच्या गिअरबॉक्समध्येही लाल एटीएफच (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) लागतं, तिथे ९० नंबर घातलं तर तीही चूकच. आणि ऑटोमॅटिकमध्ये गिअर ऑइल कधीच नाही. बॉक्स म्हटलं की ९० आणि हौजिंग म्हटलं की १४० हा नाक्यावरचा मंत्र बऱ्याच गाड्यांना लागू पडतो, सगळ्यांना नाही. शिवाय गाडी धंद्याची आणि आठ वर्षांवरची असेल तर फिटनेसचा दाखला दरवर्षी लागतो. निघण्याआधी त्याची तारीख बघा, आम्हाला खारपाड्याला थांबवून तेच विचारलं.

झोपाळा आता पडवीत आहे. आईने कड्या चिंचेने घासल्या. अर्धा उरलेला १४०चा डबा वाया गेला नाही, पुस्तकात हौजिंगला तेच लिहिलंय. भावाने तो वडाळ्याच्या गोडाऊनमध्ये ठेवलाय आणि त्यावर मंडपाच्या बोर्डाच्या लाल रंगाने लिहिलंय: ‘फक्त हौजिंग. दादाने हात लावू नये.’