दादी फाळणी विसरलेल्या नाहीत

ठाण्याच्या कोपरीत आमच्या शेजारी एक सिंधी दादी राहतात. त्यांची सून कौतुकानं सांगते, "अम्मा फाळणीचं सगळं विसरल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या." यातला पायावर उभं राहण्याचा भाग शंभर टक्के खरा.

६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल उसळली, तेव्हा दादी नऊ वर्षांच्या होत्या. त्या दिवशी बाहेर पडलेले वडील परत आलेच नाहीत. बाकीचे बोटीनं मुंबईला आले आणि कल्याण कॅम्पातल्या बराकीत, गोणपाटाच्या आडोशाला राहिले. लग्नानंतर दादींनी कोपरीत पापडाचा धंदा उभा केला, गल्लीतल्या कितीतरी मुलींच्या फिया भरल्या. कुणाकडे मयत झालं की पहिला डबा त्यांचाच.

याच दादींच्या उशाशी कायम एक कापडी पिशवी असते: रेशनकार्ड, पासबुक, गोळ्या, बिस्किटांचा पुडा. फटाके वाजले की त्या खिडक्या लावून घेतात. साठीचा मुलगा दुकानातून यायला उशीर झाला, की दाराची कडी धरून उभ्या. बसा म्हटलं तरी बसत नाहीत.

मी समुपदेशक आहे. आघातानंतर होणारी वाढ मोजायला रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून यांनी १९९६ मध्ये २१ विधानांची प्रश्नावली मांडली. माणसांशी जवळीक, स्वतःची ताकद, नव्या वाटा... दादींना भरपूर गुण पडतील. पण उडालेल्या झोपेबद्दल त्यात एकही विधान नाही. वाढ झाली म्हणजे वेदना संपली, असं त्या दोघांनीही कधी म्हटलेलं नाही.

हे दादींपुरतंच नाही. आफ्रिकेतल्या रवांडात १९९४ मध्ये सुमारे शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी समाजाची. पुढच्याच वर्षी तिथल्या विधवांनी 'अवेगा' ही संघटना काढून एकमेकींना सावरलं. तरी दर एप्रिलला, स्मरणाच्या दिवसांत, मारेकरी समोर उभे असल्यासारखी माणसं किंचाळतात, कोसळतात.

'दुःखानं माणूस घडतो' हे वाक्य मला सहन होत नाही. त्यात श्रेय मारणाऱ्यांना जातं. दादींना घडवलं त्यांच्या आईनं, बराकीतल्या शेजारणींनी.

सुनेला मी एवढंच सांगितलं: पिशवी लपवू नका. मिरवणूक कधी जाणार ते आधी सांगून ठेवा. मुलाला उशीर होणार असेल तर त्यानं फोन करावा. रात्रीचा त्रास वाढला तर डॉक्टरांकडे जाऊ, मी सोबत येते. आणि त्यांच्यासमोर 'विसरल्या' म्हणू नका.